रेघ कुठपर्यंत

लोणावळ्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आमचे ध्वनिमुद्रण बंद असते. खोलीवर पत्रा आहे. पाऊस लागला की समोरच्या माणसाचेही ऐकू येत नाही, तिथे मायक्रोफोनला काय येणार. उरलेल्या महिन्यांत दोनच अडचणी असतात. एक म्हणजे घाट चढून आलेल्या मालगाडीचा भोंगा आणि दुसरी म्हणजे तळमजल्यावरच्या दुकानातले चिक्कीसाठी दाणे भाजायचे यंत्र. गाड्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवता येतात. यंत्रासाठी जिन्यावरून दुकानदाराला आवाज द्यावा लागतो. 'शेठ, वर्गमूळ आहे, पाच मिनिटं,' असे सांगितले की ते यंत्र बंद करतात. वर्गमूळ म्हणजे काहीतरी नाजूक काम असते अशी त्यांची समजूत आहे. ती दुरुस्त करण्याचे कारण कधी पडले नाही.

या खोलीत अंध विद्यार्थ्यांसाठी शाळेची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित केली जातात. इतिहास, भूगोल, मराठी ही पुस्तके स्पष्ट आवाजाचा कोणीही वाचू शकतो. गणित तसे वाचता येत नाही. ते वाचण्याआधी पुन्हा लिहावे लागते. हे लिहिण्याचे काम गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. गणित तर पुस्तकात छापलेलेच असते, मग पुन्हा काय लिहायचे, असे बहुतेक लोक विचारतात. म्हणून आधी काम काय आहे ते सांगते.

डोळस माणूस गणित वाचत नाही, पाहतो. अपूर्णांकाची आडवी रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्याला विचार न करता कळते. ऐकणाऱ्याला रेघ नसते. 'एक्स अधिक तीन भागिले दोन' असे कोणी वाचले, तर दोनाने फक्त तिनाला भागायचे की 'एक्स अधिक तीन' या सगळ्याला, हे ऐकून ठरवता येत नाही. एक्सची किंमत पाच धरली तर पहिल्या रीतीने साडेसहा येतात आणि दुसऱ्या रीतीने चार. छापलेल्या पानावर या दोन्हींत फरक असतो तो रेघेच्या लांबीचा. वाचणाऱ्याने ती रेघ बोलून दाखवली नाही, तर ऐकणाऱ्याच्या हाती निम्मेच गणित पडते.

म्हणून आम्ही लिहितो: 'अपूर्णांक सुरू. अंशात एक्स अधिक तीन. छेदात दोन. अपूर्णांक पूर्ण.' कंसाचे तसेच, वर्गमुळाचे तसेच. जे उघडले ते बंद केल्याचे सांगायचे, हा पहिला नियम. डोळ्याला काय दिसते ते न सांगता ते काय आहे ते सांगायचे, हा दुसरा. 'एक्सच्या डोक्यावर लहान दोन' हे चित्राचे वर्णन झाले. 'एक्सचा वर्ग' हे गणित झाले.

हे नियम कोणी तयार दिले नव्हते. सुरुवातीला कामशेतच्या एका निवृत्त शिक्षकांना वाचायला बोलावले होते. गणित शिकवावे तर त्यांनी, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी एक अख्खे प्रकरण एका बैठकीत वाचले. नंतर त्यांना डोळे मिटून ऐकायला सांगितले आणि ध्वनिमुद्रण लावले. त्यात ते म्हणत होते, 'हे इकडं आलं, चिन्ह बदललं, आता ह्या सगळ्याला ह्यानं भागा.' ते चार मिनिटे ऐकत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "मी आयुष्यभर बोटानं शिकवलं. तोंडानं कधी शिकवलंच नाही." त्यांनी वाचन सोडले, पण पुढे कितीतरी दिवस दर गुरुवारी येऊन माझे लिखाण तपासून दिले.

मी मूळची वृत्तपत्रातली. पुण्याच्या एका दैनिकात नोकरीची पहिली वर्षे टेलिफोनवरून बातम्या उतरवून घेण्यात गेली. तालुक्याचे वार्ताहर फोन करून बातमी सांगत आणि ती सांगताना विरामचिन्हेही सांगत. 'अवतरण सुरू' म्हटले की 'अवतरण पूर्ण' ऐकू येईपर्यंत सावध राहायचे. एकदा पवनानगरच्या वार्ताहराने 'पूर्ण' सांगितले नाही, मी विचारले नाही, आणि वार्ताहराचे स्वतःचे मत दुसऱ्या दिवशी सभापतींच्या तोंडी छापून आले. तिसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. तेव्हापासून उघडलेले बंद झाले की नाही हे पाहण्याची सवय हाताला लागली. नंतर उपसंपादक झाले तेव्हा दुसरी सवय लागली, जास्तीचे शब्द कापण्याची. पहिल्या सवयीमुळे हे काम नीट जमले. दुसरीने ते बिघडवले.

पहिल्या दोन वर्षांतली ध्वनिमुद्रणे लांबलचक होती. वर्गसमीकरणाचे एक उदाहरण अकरा मिनिटे चाले. 'अपूर्णांक पूर्ण, कंस पूर्ण, वर्गमूळ पूर्ण, अपूर्णांक पूर्ण' अशा ओळी एकापाठोपाठ येत. मुले कंटाळतात असे शाळांकडून कळत होते. मी ते शब्द कापले. त्यांच्या जागी थांबे ठेवले. कंस संपला की एक मात्रा थांबायचे, अपूर्णांक संपला की दोन, वर्गमूळ संपले की तीन. हे थांबे मोजून घेणे दुसऱ्या वाचकांना जमेना, म्हणून वाचनही माझ्याकडे आले. दहावीच्या बीजगणिताचे पुस्तक या रीतीने जवळजवळ निम्म्या वेळात बसले. मुलांना ते आवडले. शिक्षकांनी कौतुक केले. त्या पुस्तकाचा मला अभिमान होता, हे नोंदवायला हवे.

तक्रार एकच आली. घाटात मालगाडीला मागून जोडतात त्या इंजिनावर सगळी नोकरी केलेले एक निवृत्त ड्रायव्हर लोणावळ्यात राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि डोक्याला काम हवे म्हणून ते आमच्याकडून दहावीचे गणित ऐकायला नेत. एका सकाळी नातसुनेचा हात धरून ते जिना चढून आले.

"बाई, तुमी मधीच गप होता," ते म्हणाले. "मला वाटतं मोबाइलचं चार्जिंग गेलं."

थांब्यांची रीत त्यांना समजावून सांगितली. ती ऐकून घेऊन ते म्हणाले, "गप बसणं हा काय सिग्नल न्हाई. आमच्यात हिरवा दिसला तर असिस्टंटनं तोंडानं म्हणायचं, हिरवा. मग ड्रायव्हरनं परत म्हणायचं, हिरवा. दोघांनी म्हणलं तर गाडी हलायची. गप बसला तर त्याचा अर्थ कोण लावणार?"

कचेरीत तक्रारींची वही आहे. त्यात त्यांचे नाव लिहिले आणि पुढे शेरा मारला: श्रोता विद्यार्थी नाही. तक्रार निकाली काढली.

संघमित्रा आमच्याकडे नववीत असताना आली. देहूरोडला राहणारी. वडील तिथल्या लष्करी डेपोत भांडार विभागात कामाला आहेत. सातव्या वर्षी तापाच्या आजारात तिचे डोळे गेले. शाळा साधी होती, डोळस मुलांची. अशा मुलांना दहावीला गणिताऐवजी सोपा विषय घेण्याची मुभा असते, आणि तिने ती घ्यावी असे शाळेचे म्हणणे होते. संघमित्राचे म्हणणे वेगळे होते. तिला अकरावीला गणित घ्यायचे होते आणि पुढे संगणकाकडे जायचे होते. सोपा विषय घेतला की तो रस्ता दहावीलाच बंद होतो.

ती आमचे बीजगणित इतक्या वेळा ऐके की तिला पानेच्या पाने पाठ होती. इतर मुले मोबाइलमध्ये वेग वाढवून ऐकत. ती कधी वाढवत नसे. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "वेग वाढवला की तुमचे थांबे लहान होतात, मावशी. मग कंस कुठे संपला कळत नाही." हे मला प्रशस्तीपत्र वाटले. ती धोक्याची सूचना होती.

दहावीच्या सहामाही परीक्षेनंतर तिचे वडील एकटेच लोणावळ्याला आले. दिवाळीची सुट्टी लागायची होती. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवली. बीजगणितात चाळीसपैकी सहा गुण होते. सुट्टीनंतर बोर्डाचे फॉर्म भरायचे होते, आणि त्याआधी विषय बदलून टाका, असे मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितले होते. गणितात नापास झाली तर सगळी दहावीच अडकेल, असेही सांगितले होते. ते बोलणे रागाचे नव्हते, काळजीचे होते, हे वडिलांनीच आवर्जून सांगितले.

मग ते म्हणाले, "मॅडम, मला गणित कळत नाही. तुम्ही सांगा, तिला येतं का येत नाही? येत नसेल तर मीच तिला सांगतो. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत."

मी उत्तरपत्रिका पाहून सांगते असे म्हटले. ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

सात उदाहरणे होती. पहिले पाहिले, त्यात चूक सापडली नाही. दुसऱ्यातही नाही. मग प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली. उदाहरणे जवळजवळ सगळी बिनचूक सोडवलेली होती, पण ती प्रश्नपत्रिकेतली उदाहरणे नव्हती. एका प्रश्नात छेद 'एक्स अधिक चार' होता. तिने छेद 'एक्स' धरला होता, चार बाहेर काढले होते आणि पुढचे सगळे बरोबर केले होते. दुसऱ्या प्रश्नात कंस एक पद आधीच संपवला होता. सातही ठिकाणी एकच प्रकार होता. समीकरण कुठेतरी लवकर बंद झाले होते.

वडिलांना आत बोलावून सांगितले की तिला गणित येते, चूक कुठेतरी वाचनात आहे, आणि रविवारी संघमित्राला आणि तिच्या लेखनिक मुलीला दोघींना घेऊन या.

लेखनिक म्हणजे अंध विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी आणि तो सांगेल ते उत्तर लिहिणारी व्यक्ती. ती खालच्या वर्गातली असावी लागते, म्हणजे तिला उत्तर ठाऊक नसते. संघमित्राची लेखनिक सारिका नववीत होती. सोमाटण्याच्या शेतकरी घरातली, अक्षर देखणे, वाचन खडे. वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेली. रविवारी तिला सहामाहीची प्रश्नपत्रिका पुन्हा वाचायला सांगितली. तिने ती न अडखळता, सलग वाचली. शाळेत चांगले वाचन म्हणतात ते असेच. दम संपेल तिथे ती श्वास घेई आणि पुढे जाई.

संघमित्राचा चेहरा मी पाहत होते. सारिका श्वास घेई तिथे संघमित्रा कंस बंद करत होती.

दीडेक वर्ष तिने माझे थांबे ऐकले होते. तिच्या कानाला थांबा म्हणजे रेघेचे टोक हे इतके पक्के बसले होते की दुसऱ्या माणसाचा श्वाससुद्धा तिला चिन्ह वाटत होता. आणि जगात तसे थांबे घेणारी व्यक्ती एकच होती. बोर्डाच्या परीक्षेला ती व्यक्ती तिच्याशेजारी बसणार नव्हती.

सारिकाने घाबरून विचारले, "माझं काय चुकलं का, मावशी?"

तिचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती. काय केले, का केले, ते तिघांनाही सरळ सांगितले. संघमित्रा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे मी गणित नाही शिकले," ती म्हणाली. "तुमचा आवाज शिकले." आणि थोड्या वेळाने, "तो विसरायला किती दिवस लागतात?"

वडिलांनी त्या दिवशी एकच गोष्ट मागितली. जे सांगितले ते कागदावर लिहून द्या, म्हणाले. मी मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहिले: गुण कमी पडण्याचे कारण विद्यार्थिनीचे ज्ञान नसून आमच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत आहे. ते पत्र आणि वडिलांचे हमीपत्र जोडून गणिताचा फॉर्म भरला गेला. त्यानंतर मागे फिरायची सोय उरली नव्हती.

सगळे पुस्तक नव्याने ध्वनिमुद्रित करायला वेळ नव्हता. केले असते तरी उपयोग नव्हता, कारण अडचण कानाची होती. मी आबांच्या घरी गेले आणि सिग्नल कसा पुकारतात ते सविस्तर सांगा, असे म्हटले.

"का वो बाई," ते म्हणाले, "श्रोता विद्यार्थी न्हाई ना?"

वहीतला शेरा त्यांना कोणी वाचून दाखवला होता हे आजपर्यंत कळलेले नाही. पण त्यांनी तेवढ्यावरच सोडले आणि मुलींना घेऊन यायला सांगितले. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी दोघी त्यांच्या ओसरीवर बसल्या. देहूरोडहून संघमित्राला घेऊन वडील लोकलने येत आणि सारिका वाटेत तळेगावला त्यांना मिळे. रीत अशी ठरली: सारिकाने समीकरणाचा एक तुकडा वाचायचा, काय उघडले आणि काय बंद झाले ते शब्दांत म्हणायचे, संघमित्राने तो तुकडा तसाच परत म्हणायचा, सारिकाने कागदाशी ताडून 'बरोबर' म्हणायचे, मगच पुढचा तुकडा. मधली शांतता कितीही लांबली तरी तिला अर्थ नाही.

पहिल्या रविवारी एक ओळ वाचायला पाऊण तास गेला. सारिकाला सगळे तोडून वाचणे कमीपणाचे वाटे. संघमित्रा जुन्या सवयीने शांततेत कंस बंद करी आणि आबा काठी आपटत. सारिकाने न पाहता 'बरोबर' म्हटले की ते त्यांना आवाजावरून कळे.

"ए सारके, बगितलंस का नुसतंच म्हणलीस?" एकदा त्यांनी विचारले.

"बगितलं की, आबा."

"न्हाई बगितलंस. सवयीनं हिरवा म्हणणारी मी लय बगितलीत. त्यातला एकेक घाटात गेला." मग संघमित्राकडे वळून, "आन् तू काय वाट बघती? ती गप बसली तर विचार की. तुला तोंड दिलंय ना?"

जानेवारीअखेर दोघींचा वेग वाढला. पूर्वपरीक्षेत संघमित्राला चाळीसपैकी एकतीस गुण पडले. मुख्याध्यापकांनी वर्गात तिचे नाव घेतले.

इथे माझी दुसरी चूक येते. आम्ही तयार केलेली वाचनाची रीत परीक्षा केंद्रावर चालेल का, हे लेखी विचारायला हवे होते. फेब्रुवारीत शाळेत तोंडी विचारले, 'चालतं, केंद्रावर बघतील' असे उत्तर मिळाले आणि मी ते पुरेसे मानले. वृत्तपत्रात असते तर अशा उत्तरावर एक ओळ छापली नसती.

बीजगणिताच्या पेपरला काय घडले ते दोघींनी नंतर वेगवेगळे सांगितले. दोन्ही हकिगती जुळल्या, म्हणून इथे देते.

संघमित्राला वेगळी खोली होती. एक पर्यवेक्षक होते. पहिला प्रश्न वाचताना सारिका म्हणाली, 'अपूर्णांक सुरू.' पर्यवेक्षकांनी तिला थांबवले. 'सुरू' हा शब्द कुठे छापला आहे, असे त्यांनी विचारले. तो कुठेच छापलेला नव्हता. छापले आहे तेवढेच वाचायचे, त्यात स्वतःचे काही घालायचे नाही, असे त्यांनी बजावले. लेखनिकाने उत्तरात मदत करू नये यासाठी तो नियम आहे आणि पर्यवेक्षकांनी तो पाळला. सारिकाला रडू फुटले. ती पुन्हा वाचू लागली ती जुन्या पद्धतीने, सलग.

संघमित्राने तिला थांबवले आणि पर्यवेक्षकांना विचारले, "सर, मला प्रश्न परत वाचून मागता येतो ना?"

येतो, ते म्हणाले.

"आणि छापलेल्या गोष्टीबद्दल विचारता येतं?"

छापलेल्या म्हणजे कशाबद्दल, त्यांनी विचारले.

"रेघ. रेघ छापलेली असते. ती कुठपर्यंत आहे, एवढंच मी विचारणार. ती बघून सांगेल."

पर्यवेक्षक विचारात पडले. त्यांनी सूचनांचे पुस्तक काढले, त्यात रेघेबद्दल काही नव्हते. त्यांनी शिपायाबरोबर केंद्रसंचालकांना निरोप पाठवला. केंद्रसंचालक दुसऱ्या मजल्यावर होते. ते आले, त्यांनी प्रश्नपत्रिका पाहिली, रेघ खरोखरच छापलेली आहे याची खात्री करून घेतली आणि परवानगी दिली. यात वीस मिनिटे गेली. अंध विद्यार्थ्यांना नियमाप्रमाणे जो जादा वेळ मिळतो, त्यातला मोठा भाग इथेच संपला. गेलेला वेळ भरून देण्याची तरतूद नव्हती.

पुढचा पेपर त्यांनी उलट्या रीतीने सोडवला. आता सारिका काही पुकारत नव्हती. संघमित्रा विचारत होती आणि सारिका बोट ठेवून पाहून सांगत होती. रेघ कुठून? एक्सपासून. कुठपर्यंत? चारपर्यंत. खाली काय? दोन. असे करत त्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचल्या.

निकाल आधी सांगते. संघमित्राला बीजगणितात एकोणतीस गुण मिळाले, भूमितीत चौतीस. तळेगावच्या एका महाविद्यालयात अकरावीला तिला गणित मिळाले. आता ती बारावीत आहे. आमच्याकडे लिहिले जाणारे प्रत्येक प्रकरण ध्वनिमुद्रणाआधी तिच्याकडे जाते, आणि जिथे काही बंद व्हायचे राहिले असेल तिथे ते परत येते. थांब्यांचे जुने पुस्तक आम्ही मोडीत काढले आणि शाळांना तसे कळवले. पण ते एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेलेले आहे. कुणाकुणाच्या कानात आहे, ते शोधण्याचा मार्ग नाही. छापलेल्या चुकीचा खुलासा निदान त्याच वाचकांच्या दारात पडतो. इथे ती सोय नाही.

पेपरच्या दिवशी मी आणि तिचे वडील केंद्राच्या फाटकाबाहेर होतो. सगळी मुले निघून गेल्यावर या दोघी आल्या. सारिकाचे डोळे सुजलेले होते. संघमित्राने वडिलांकडून पाण्याची बाटली घेतली, सगळी संपवली आणि फाटकाशेजारच्या पायरीवर बसली.

"शेवटचा राहिला," ती म्हणाली. "चार गुणांचा. वाचून झाला होता, तेवढ्यात वेळ संपला. कागद आहे का, मावशी? लिहून घ्या."

पिशवीत एक जुनी पावती होती, तिच्या पाठीवर लिहून घेतले. तिने समीकरण सांगितले. डावीकडे दोन अपूर्णांक. पहिल्याच्या अंशात एक, छेदात एक्स वजा दोन. दुसऱ्याच्या अंशात दोन, छेदात एक्स वजा एक. मध्ये अधिक. बरोबरच्या उजवीकडे अंशात सहा, छेदात एक्स. प्रत्येक अपूर्णांक सुरू झाल्याचे आणि पूर्ण झाल्याचे तिने स्पष्ट म्हटले. सारिकाने प्रश्नपत्रिका उघडून ताडून पाहिले आणि मान हलवली; मग आठवून, तोंडाने, 'बरोबर' म्हणाली.

मग संघमित्रा सोडवू लागली. छेद काढून टाकले, पदे गोळा केली. "तीन एक्सचा वर्ग, वजा तेरा एक्स, अधिक बारा, बरोबर शून्य," ती म्हणाली. "आता मुळं. एक मूळ तीन. दुसरं, अपूर्णांक सुरू, अंशात चार, छेदात तीन, अपूर्णांक पूर्ण." तिला मध्ये एकदाही थांबावे लागले नाही. सहा-सात मिनिटे लागली असतील.

मी दोन्ही उत्तरे समीकरणात घालून पाहिली. बरोबर होती. तिच्या वडिलांनी कागद हातात घेतला, पाहिला आणि विचारले, हा आत नेऊन देता येईल का. मी नाही म्हटले. त्यांनी तो मला परत दिला.

सारिका पुन्हा रडायला लागली. "मी भराभरा वाचलं असतं तर झालं असतं, ताई. हितं आत्ता सुटलं की तुला. मीच लय वेळ लावला."

"भराभरा वाचलं असतंस तर हे आत्ताही सुटलं नसतं," संघमित्रा म्हणाली. "तू बोट ठेवून वाचलंस. म्हणून मला हे सगळं तसंच्या तसं दिसतंय." तिने हात पुढे करून सारिकाचा खांदा शोधला. "वीस मिनिटं गेली, ती काही तुझी नव्हती."

ती कोणाची होती, फेब्रुवारीत लेखी कोणी विचारले नव्हते, हे सारिका सोडून आम्हा तिघांनाही माहीत होते. वडिलांनी मुलीचा हात धरला आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.